धुतलेली अंडी

२९ नोव्हेंबर

राहेल नणंदबाईंनी अंडी पाठवली! टॅक्सीवाल्याच्या मांडीवर बसून आली, बिस्किटांच्या डब्यात, भुशात पुरलेली. बारा. सोबत फोनवर हुकूम — "माझ्या काळ्या कोंबड्यांची आहेत, हुनादी. तुझ्या ठिपकीखाली ठेव. नाताळला येईन तेव्हा पिल्लं दिसली पाहिजेत."

राहेलच्या काळ्या कोंबड्या दिसायला काय चकचकीत! पण अंड्यांवर बसायचं नाव नाही. शहरात राहून कोंबड्यासुद्धा शेफारल्या.

माझी ठिपकी खुडूक झालीच होती. चार दिवस रिकाम्या खोक्यात फुगून बसली होती, हात घातला की चावायची. कोळशाने प्रत्येक अंड्यावर फुली मारली आणि तिच्याखाली सरकवली. बाकीच्या भवान्यांना अख्खं खुराडं सोडून तिच्याच खोक्यात अंडी घालायची असतात. म्हणून फुली. फुलीवालं उबवायचं, बिनफुलीचं खायचं. आमच्या अख्ख्या गावाला हे कळतं. शेंबड्या पोराला कळतं.

२ डिसेंबर

शेंबड्या पोराला कळतं, माझ्या सुनेला काय कळतं देव जाणे.

माशादीला येऊन तीन महिने झाले. प्रिटोरियाच्या वस्तीतली पोर. माझ्या मुलाने, लेसिबाने, पसंत केली, रीतीप्रमाणे तिच्या बापाला आमच्या गोठ्यातल्या गाई गेल्या, लग्न झालं, आणि हा पठ्ठ्या तिला माझ्या अंगणात सोडून आठवड्यात परत रस्टेनबर्गच्या खाणीवर. रीतच आहे. सुनेने आधी सासूजवळ राहून घर शिकायचं. पण शिकवायचं कुणी? मी. माझे गुडघे काय म्हणतात कुणी विचारलं?

पोरगी पहाटे चारला उठते, हे खरं. अंगण झाडते, हेही खरं. पण झाडते कसं — सगळा कचरा शेजारच्या मोसिमाच्या कुंपणाखालून पलीकडे! कोंबड्याला भिते. डोक्यावरचा रुमाल दर पाच मिनिटांनी खाली येतो. परवा चुलीवरच्या भांड्याचा तळ घासून घासून चकाकवला. अगं बाई, ती काजळी जमवायला मला सहा वर्षं लागली!

हे सगळं मी राहेलला फोनवर सांगितलं. गंमत म्हणून. तर ती म्हणते, "नाताळला येते, बघते. जमत नसेल तर माहेरी पाठवू. शिकून येईल."

आमच्यात नवऱ्याच्या बहिणीचा शब्द शेवटचा. आणि माहेरी शिकायला म्हणून गेलेली परत आलेली मी तरी पाहिली नाही. मोसिमाची धाकटी जाऊ अशीच गेली. चौदा वर्षं झाली, अजून शिकतेय.

३ डिसेंबर

ऊन. ठिपकी बसलीय. मीही.

७ डिसेंबर

रविवार. चर्चनंतर पाद्रीबाबा आले. नाताळच्या गोड पावांच्या, दिकुकूच्या, किती बादल्या करणार, ही चौकशी. (चर्चला एक बादली जाते. प्रार्थना फुकट, पाव नाही.) बाबा डोळे मिटून नुकते "हे प्रभो" म्हणतात तोच आमचा कोंबडा पिठाच्या डब्यावर चढला. माझ्या तोंडून गेलं — "बिशप! उतर खाली, नालायका! खातोस, ओरडतोस, दुसरं काय येतं तुला!"

बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, "याचं नाव बिशप?"

मी म्हटलं, "आधीच्या मालकिणीने ठेवलंय." अंड्यातून माझ्याच खोक्यात निघालाय तो.

माशादी चहाचा ट्रे घेऊन रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडतेय वाटलं. हसत होती!

८ डिसेंबर

लेसिबाचा फोन नाही. मी केला. "मा, कामावर आहे." मागे बाईचा आवाज ऐकू येत होता. म्हणजे टीव्हीतली बाई असेल.

१० डिसेंबर

देवा. देवा. देवा.

सकाळी चर्चच्या बायकांकडे गेले होते. परत आले तर अंगणात ठिपकी बोंबलत गोल गोल फिरतेय. आणि स्वयंपाकघरात माशादी खुशीत! मोठ्या वाडग्यात अंडी. पांढरी स्वच्छ. लख्ख.

"मा, सगळी धुतली. किती घाण झाली होती! कोळसा लागला होता काहींना."

मी मटकन बसले. तिने खोक्यातली अंडी काढली, खायच्या टोपलीतली काढली, सगळी एकत्र करून साबणाने — साबणाने! — धुतली. आता कुठलं राहेलचं, कुठलं आमचं, कुणी सांगायचं?

"अगं, त्या फुल्या होत्या!"

"कसल्या फुल्या?"

"पोरी, त्यात पिल्लं आहेत!"

ती पांढरी पडली. मग वाडग्याकडे बघत हळूच म्हणाली, "मी त्यांना गार पाण्यात घातलं, मा." आणि रडायला लागली. तिला स्वतःची काळजीच नव्हती, पिल्लांना थंडी वाजली म्हणून रडत होती. बावळट कुठली!

मी खूप काही बोलणार होते. त्याऐवजी घोंगडी उचलली.

मग आम्ही दोघी धान्याच्या खोलीत शिरलो. दार लावलं, डोक्यावरून घोंगडी घेतली, तिच्या फोनचा दिवा लावला आणि एकेक अंडं दिव्यावर धरलं. आत लाल जाळं दिसलं तर पिल्लू, नुसता पिवळा उजेड दिसला तर नाश्ता. घोंगडीत इतकं उकडत होतं की आमचीच पिल्लं झाली असती. एका अंड्यात काहीतरी टुणकन हललं. माशादी किंचाळली — "मा! याने लाथ मारली!" तेवढ्यात बाहेरून मोसिमाचा आवाज — "हुनादी? आत काय चाललंय गं?"

"प्रार्थना!" मी ओरडले.

अकरा सापडली. बारावं काही सापडेना. एकदोन अशी जाड कवचाची होती की दिव्यातही कळेना. शेवटी म्हटलं, मरू दे, एखादं वांझ असतंच. अकरा ठिपकीखाली ठेवली, फुल्या पुन्हा मारल्या, बाकीची दिकुकूसाठी टोपलीत ठेवली. ठिपकीने आधी मला चावलं, मग माशादीला, मग बसली.

"रखवालदारीणबाईंना सांगणार?" माशादीने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. राहेलला म्हणाली, फोनवरून पहारा करते म्हणून! मी इतकी हसले की गुडघा धरला.

११ डिसेंबर

काल हसण्यात गेला, आज अक्कल आली. राहेलला कळलं तर पोर गेली. अंड्यांसारखं निमित्त तिला दुसरं कुठलं मिळणार? वर म्हणेल, बघ हुनादी, तूच तर म्हणत होतीस.

मीच म्हणत होते. पण ते आपलं सासूने म्हणायचं असतं म्हणून. पोरगी गेली तर माझ्याबरोबर घोंगडीत कोण शिरणार? बिशप?

मुद्दाम लिहून ठेवते: मला ती हवीय. झालं. लिहिलं.

१५ डिसेंबर

राहेल उतरली. दोन बॅगा, एक छत्री, स्वतःची उशी. टॅक्सीतून पाय खाली टेकायच्या आत — "अंगण असं का झाडलंय?"

खुराड्यात जाऊन अंडी बघितली. "अकराच?"

"एक फुटलं, ताई."

"कसं?"

"बिशपने फोडलं."

माझ्याकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं. त्याने मान वाकडी केली. दोघांपैकी कुणावर विश्वास बसला नाही हे दिसलंच.

१८ डिसेंबर

आज दिकुकूचा दिवस. दरवर्षी आमच्याच अंगणात, कारण गल्लीत पाव भाजायची विटांची भट्टी माझीच. ज्याच्या त्याच्या घरचा मैदा, ज्याच्या त्याच्या कोंबड्यांची अंडी, सगळं माझ्या पत्र्याच्या टबात एकत्र. मळून, गोल करून, भाजून, घरटी दोन बादल्या झाकण लावून. नाताळला पाहुणा आला की बादली उघडायची. ज्या घरची बादली नवीन वर्षाआधी संपली त्या घरच्या बाईचं नाव गल्लीत वर्षभर निघतं.

माझा नियम एकच. अंडं आधी कपात फोडायचं, वास घ्यायचा, मग टबात. घरच्या कोंबड्या आहेत, दुकानातला ट्रे नाही. कुठल्या झुडपाखाली किती दिवस पडलं होतं काय माहीत. माशादी शहाण्यासारखी एकेक कपात फोडत होती. फोड, वास, ओत. फोड, वास, ओत.

राहेल खुर्चीवरून बघत होती. तिला राहवेना. "असं चिमणीसारखं काय करतेस गं? नवीन वर्ष उजाडेल! सरक."

"ताई, आधी कपात—" मी म्हटलं.

"चाळीस वर्षं पाव करतेय, हुनादी. मला कप लागत नाही."

आणि फट् फट् फट्, सरळ टबात. एका हाताने दोन-दोन. बायका वा वा करतायत. मोसिमाने तर टाळी वाजवली.

मग एक अंडं फोडलं आणि टबात पडलं ते पिवळं नव्हतं.

वर्णन करत नाही. चोच होती. आणि वास — बिशपसुद्धा लांब पळाला.

पाच घरांचा मैदा. पाच घरांचं लोणी. पाच घरांची साखर. मोसिमाने टाळीसाठी वर केलेले हात तसेच ठेवले.

राहेल हळूहळू हात पुसत म्हणाली, "हे उबवणीचं अंडं आहे. माझं अंडं आहे. टोपलीत कसं आलं? फुली कुठाय?"

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

माशादी उठली. "मी धुतली, आत्या."

"मी सांगितलं होतं धुवायला!" मी मध्येच.

राहेल वळली. "तू? हुनादी, तू आयुष्यात अंडं धुतलंस? तू पोरांना शनिवारीच धुवायचीस!"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

"लेसिबा येऊ दे," राहेल म्हणाली. "त्याच्यासमोर बोलू. ही माहेरी जाईल."

१९ डिसेंबर

पीठ कोंबड्यांना घातलं. तीन दिवस पुरेल. बायकांनी घराघरातून पुन्हा मैदा जमवला. कुरकुरल्या, पण जमवला. रविवारच्या पिठात काटकसर करून भागवू म्हणाल्या. आज परत भाजलं. राहेल कपात फोडत होती! मला बोलायची गरजच नव्हती, मोसिमा खोकत होती.

माशादीने एक घाणा करपवला. भट्टीसमोर उभी राहून कुठेतरी बघत होती.

"मा, लेसिबा मला ठेवून घेईल ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "का नाही? माझा मुलगा आहे." म्हटलं आणि त्या दिवशीचा फोनवरचा टीव्ही आठवला. का ते कळलं नाही.

२१ डिसेंबर

सात पिल्लं!! काळी कुळकुळीत. साबणाच्या पाण्यातून निघाली पठ्ठी. राहेल खुराड्यासमोर मांडी घालून बसली होती, मोठी बॅरिस्टर असल्यासारखी, आणि चेहरा मात्र सात वर्षांच्या पोरीचा. माशादीने पिल्लू तिच्या तळहातावर ठेवलं तर दूर लोटलं नाही.

पण निर्णय बदलला का? विचारलं मी. "निर्णय निर्णय असतो," म्हणे.

२३ डिसेंबर

लेसिबा आला. बारीक झालाय. माझ्यासाठी शाल, आत्यासाठी शाल. माशादीसाठी — "दुकान बंद झालं होतं." एकाच दुकानातून दोन शाली घेतल्यावर बंद झालं वाटतं.

फोन सारखा पालथा ठेवतो.

२४ डिसेंबर

लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

राहेलने दुपारी सगळ्यांना बसवलं. मी, लेसिबा, ती. माशादी चहा आणत होती. राहेलने अंड्यांचं सगळं सांगितलं. साबणासकट. टबासकट, म्हणजे स्वतःचा भाग जरा भरभर सांगितला. शेवटी म्हणाली, "माझं मत, ही काही दिवस माहेरी जावी. तू काय म्हणतोस?"

मी देवाचा धावा करत होते. लेसिबा, बाळा, भांड. ओरड. टेबलावर हात आपट. एवढंच म्हण की माझी बायको आहे.

तो लगेच म्हणाला, "बरोबर आहे, आत्या. मी उद्याच पोचवतो."

उद्याच! नाताळच्या दिवशी! सुंठीवाचून खोकला जातोय असं त्याचं तोंड. पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा खुर्चीत पसरला.

राहेल पुढे वाकली.

"लेसिबा. अंड्यांसाठी?"

"तुम्हीच म्हणालात ना, आत्या."

"मी म्हणाले. मी म्हातारी आहे, मी काहीही म्हणते. तू नवरा आहेस. किती अंडी होती, एवढं तरी विचारायचंस."

तो खाली बघायला लागला.

"कोण आहे ती?" राहेल म्हणाली.

आधी कुणी नाही. मग ओळखीची आहे. मग रस्टेनबर्गला एकाच खोलीत राहतात. मग फेब्रुवारीत मूल होणार. तिचं म्हणणं, बाळंतपण इथे सासरी व्हावं, म्हणून माशादीची खोली रिकामी हवी. एकेक करून, दात उपटावेत तसं राहेलने बाहेर काढलं.

तो माझा मुलगा आहे. मी त्याला खांद्यावर घेऊन नदी ओलांडलीय. आणि त्या क्षणी मला तो नजरेसमोर नको होता.

माशादी दारात होती. ट्रे घेऊन, रीतीप्रमाणे गुडघ्यावर. तिने सगळं ऐकलं. ट्रे जमिनीवर ठेवला आणि उभी राहिली. ताठ. रुमाल घसरला, उचललाच नाही.

"चहा गार होतोय," म्हणाली, आणि पिल्लांकडे गेली.

२५ डिसेंबर

चर्चला गेलो नाही. पाद्रीबाबांना बादली पाठवून दिली, देवाला तेवढं पुरे.

सकाळी राहेलने कुडाजवळ तपकीर टाकली, घरची बिअर ओतली, पूर्वजांना. दरवर्षी तीच करते. माशादीला हाताला धरून पुढे उभी केली. आता म्हणायची रीत अशी — ही लेसिबाची बायको. राहेल म्हणाली, "आजोबा, आजी, ही हुनादीची सून. हिच्यासाठी गाई या घरातून गेल्या. हिला ओळखून ठेवा." बस्स. लेसिबा मागे टोपी हातात घेऊन उभा. त्याचं नावच घेतलं नाही.

नंतर मी माशादीला भट्टीमागे गाठलं. म्हटलं, "पोरी, तुला जायचं असेल तर मी स्वतः पोचवेन. शिकायला म्हणून नाही. मान वर करून. आणि राहायचं असेल तर हे घर तुझं आहे. तुला काय हवंय?"

ती भट्टीतली राख उकरत राहिली. मग म्हणाली, "लग्न ठरल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं."

"आता विचारतेय."

"राहीन. पण पहाटे चारला उठणार नाही."

"पाच."

"सात."

"अगं भवाने, सातला कोंबड्यासुद्धा दुपारच्या झोपेला लागतात! साडेपाच."

"सहा. आणि बिशपला कोंडायचं."

सहावर सौदा पटला. मग दोघी रडलो. खोटं कशाला लिहू, धाय मोकलून रडलो. राहेल आली, म्हणाली, "काय झालं, अजून एक अंडं फुटलं का?" आणि तीही रडायला लागली. रडताना तिचं नाक फार वाजतं.

२७ डिसेंबर

लेसिबा सकाळच्या टॅक्सीने गेला. फाटकाशी म्हणाला, "मा, फेब्रुवारीत तिला घेऊन घरी येतो."

मी म्हटलं, "ये. पण आधी माझ्या सुनेला विचार. ती हो म्हणाली तर ये."